कॅल्शियमचं शून्य

पिंप्राळा, जळगाव
४ जानेवारी २०२५

ती. आबांस,
नात दीपमालाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून पत्र, आणि तेही रागाने. साक्रीच्या बाजारात सांगत सुटलात की नातीने बिल न येणारी तार शोधली! आबा, तार नाही हो ती. कॅल्शियमचा कण आहे, डोळ्याला दिसतही नाही. दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये तो भयंकर दाबायचा, गोठवायचा, मग त्यातून वीज विनाअडथळा वाहते. इतरांना लागली त्याहून बऱ्याच कमी थंडीत माझ्या मीटरवर अडथळा शून्य दिसला. माझ्या मार्गदर्शक सरांचा लेख पंचवीस तारखेला जाणार, त्यावर माझं नाव पहिलं. दोन वर्षं घातलीत मी यात. तोवर तोंडाला कुलूप लावा. आजीला जपा, माझ्यावरची माया आटू देऊ नका.

आपली,
दीपमाला

साक्री, जि. धुळे
९ जानेवारी

चि. दीपमाला हिस,
आबाचा जयभीम व आशीर्वाद.

कुलूप लावलं, पण बठ्ठ्या, अख्ख्या बाजाराला कळून चुकलंय. त्यात तुझ्या आजीचा, भागाबाईचा वाटा माझ्याहून मोठा. त्या दोनांतला एक हिरा घरी आणता येईल का, असं भागाबाई विचारते.

पण पोरी, मी एकतीस वर्षं वायरमन होतो. थंडीत तार आकसते, आकसली की सरकते. तुझ्या मीटरच्या दोन तारा सरकून एकमेकींना चिकटल्या, तर मीटर शून्यच दाखवणार, मध्ये कॅल्शियम असो की कांदा. पाहिलंस का? नसेल पाहिलं तर ते शिक्षण घाल चुलीत. राग आला तरी उत्तर धाड.

तुझा,
देवचंद आबा

पिंप्राळा
१६ जानेवारी

ती. आबांस,
सविनय जयभीम.

पत्र वाचून इतकी चिडले की दुपारी जेवलेच नाही. डॉक्टरेट करणाऱ्या मुलीला खांबावरचं शिकवता! निव्वळ तुम्हाला खोटं पाडायला पुन्हा गोठवलं आणि हिऱ्यातूनच भिंग लावून पाहिलं. चिकटल्या होत्या. केसाहून बारीक दोन तारा. ऊब आली की सुटतात, म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही.

सर म्हणतात, आधीच्या वेळीही तसंच झालं कशावरून, लेख जाऊ दे, मागाहून बघू. मी माझं नाव काढायला सांगितलं. मग डॉक्टरेटची मुदतवाढ विसर, म्हणाले. आबा, कशाला विचारलंत? एवढा हट्ट कशापायी, ते तरी कळवा.

रागावलेली, तरी तुमचीच,
दीपमाला

साक्री
२१ जानेवारी

चि. दीपमाला हिस,
जयभीम व आशीर्वाद.

बाजारात मीच सांगून आलो, शून्य खोटं निघालं आणि नातीनेच पकडलं. हसणारे हसले.

हट्टाचं विचारलंस. हे तुझ्या आजीलाही ठाऊक नाही. नोकरीच्या चौथ्या वर्षी मीटरवर शून्य पाहून मी खालून हात केला, लाईन बंद आहे म्हणून. माझा जोडीदार झुलाल वर चढला. मीटरची तार आतून तुटलेली होती आणि लाईन चालू. तो गेला. चौकशीत मी मीटरला दोष दिला, सगळ्यांनी मानला. पण तार तपासायचं काम माझं होतं, आणि मला घरी जायची घाई होती.

तू नाव काढलंस हे वाचलं आणि मला माझी लाज वाटली. मुदतवाढीचं आपण बघू. आधी दोन दिवस इकडे ये. झुलालची बायको मंजुळाबाई अजून स्टँडमागेच राहते. तिला हे सांगायचंय, आणि एकट्याने तिच्या दारात जायची माझी छाती होत नाही.

तुझा,
आबा