लाल सरबत आणि लेबलं नसलेले डबे

प्रिय ओपलताई,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, कारण वाकलो तर उठवायला घरात कोणी नाही). तुझे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनातल्या उन्हाने ते मोकळे झाले असतील अशी आशा करतो. इथे ओहायोत पानगळ संपत आली आहे. मी ठणठणीत आहे. जेवणखाण व्यवस्थित चाललंय. आमच्या गल्लीत काय घडलं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच कळवतो, कारण दुसरे लोक तिखटमीठ लावतील.

गेल्या वर्षी माझी नडीन देवाघरी गेल्यानंतर हॅलोविनला पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत फिरली तरी मी ओसरीवरचा दिवा लावलाच नव्हता. दिवा बंद म्हणजे दार वाजवायचं नाही, एवढं इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण पोरांची स्मरणशक्ती मोठी दांडगी. एकदा घर वगळलं की ते कायमचं वगळतात. या उन्हाळ्यात शेजारच्या लुडविगबाईंची छोकरी मैत्रिणीला सांगत होती, "तिथे नको जाऊ, ते दु:खी आजोबांचं घर आहे." ताई, मला पाचकळ म्हण, चिक्कू म्हण, पण दु:खी आजोबा? त्याच क्षणी ठरवलं, यंदा असं भुताटकीचं सरबत करायचं की रांग लागली पाहिजे.

सामानाची चिंता नव्हती. नडीनने तळघरात डबाबंद फळांचा असा साठा करून ठेवलाय की महायुद्ध आलं तरी आम्ही पीच खात बसलो असतो. अडचण एकच. वसंतात तळघरात पाणी शिरलं आणि सगळ्या डब्यांची लेबलं सुटून वाहून गेली. आता सगळे डबे सारखेच, शाळेच्या गणवेशातल्या पोरांसारखे. मग मी एकेक डबा कानाशी धरून हलवायला लागलो. (हसू नकोस, कलिंगड वाजवून घेतातच ना लोक?) पहिल्यात फरसबी निघाली. दुसऱ्यात कुत्र्याचं खाणं. कुत्रा वारला, खाणं उरलं. पण मग दैव फळफळलं. अर्ध्या कापलेल्या नाशपती निघाल्या. त्यांना मनुकांचे डोळे लावले की पाण्यात बुडालेल्या माणसाचा चेहरा तयार. पीचच्या फोडी म्हणजे हुबेहूब जिभा. अननसाचा रस रबरी हातमोज्यात भरून गोठवला आणि मोजा सोलताना दोन बोटं तुटली. तीन बोटांचा पंजा पाच बोटांपेक्षा भयंकर दिसतो, हे मला तेव्हा कळलं.

राहिला रक्ताचा प्रश्न. एक डबा चेरीसारखा वाजला. उघडला तर आत लालभडक. चष्मा वर राहिला होता, जिना चढायचा कंटाळा आला, चव घेतली तर जरा मातकट लागली. म्हटलं, जुनी चेरी असेल. तसलेच आणखी चार डबे सापडले, ते सगळे मोठ्या पातेल्यात ओतले आणि चेहरे, जिभा, पंजा त्यात तरंगत सोडले. वरून पीचचा पाक आणि आल्याचा सोडा. रंग असा आला की मलाच दोन पावलं मागे सरावंसं वाटलं.

संध्याकाळी दिवा लावला. आधी कोणी येईना. मग लुडविगबाईंची तीच छोकरी मधमाशी होऊन आली, पातेल्यातला चेहरा बघून किंचाळली, आईच्या मागे लपली आणि तिथूनच म्हणाली, "तो चेहरा मला घरी नेता येईल का?" झालं! बातमी फुटली. रांग टपालपेटीपर्यंत गेली. सांगाडे, चेटकिणी, अंतराळवीर, त्यांचे आईबाप, सगळे प्याले. समोरची बर्निस, दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, तिने तर मागून मागून घेतलं.

सकाळी न्हाणीघरात गेलो आणि ताई, सगळं लालेलाल. मी शांतपणे बाहेर आलो, बरा कोट काढला (मला पुरताना घालायला), आणि तुला फोन करावा की नको या विचारात बसलो. तेवढ्यात फोन वाजला. लुडविगबाई.

"मर्लकाका, काय पाजलंत हो काल? पोरगी लाल शू करतेय!"

खरं सांगतो, पहिला विचार असा आला, म्हणजे मी एकटाच मरत नाहीये. दुसरा विचार लगेच मागोमाग आला. मी पोरांना काय करून बसलो? बघता बघता ओसरीवर आईबाप जमले. कोणी ओरडत होतं, कोणी गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभं होतं.

गर्दी हटवत बर्निस आली, थेट माझ्या कचऱ्याच्या डब्यात डोकं घातलं आणि एक तुकडा वर धरला.

"बीट आहे हे, मर्ल! चेरी कसली डोंबलाची, बीट! काहींना होतं असं, दोन दिवसांत जाईल." मग हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "सकाळी मीही देवाचं नाव घेतलं होतं हो."

आधी ती हसली, मग लुडविगबाई, मग सगळी ओसरी. मी हसलो की रडलो ते मला नीट आठवत नाही. पोरं मात्र नाचत होती. इतकी खरी भुताटकी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"पुढच्या वर्षी हिरवी होईल असं करा!" मधमाशी म्हणाली.

तुझा
मर्ल

ता. क. जेवणखाण व्यवस्थित चाललंय असं वर लिहिलंय ते खोटं आहे. फरसबी खातोय.

ता. क. २. रविवारी बर्निस जेवायला येतेय. डब्यातलं काहीही नको, अशी तिची अट आहे. कोंबडी भट्टीत कुठली बाजू वर करून ठेवतात? आणि ताई, तू रागावणार नाहीस ना? पत्र खरं तर एवढ्याचसाठी.

ता. क. ३. नडीनचा फोटो जेवणाच्या टेबलासमोरच आहे. त्या दिवशी उचलून ठेवू का, असं मी बर्निसला भीत भीत विचारलं. ती म्हणाली, "खबरदार! तिच्याच डब्यांतलं प्यालोय आपण. तिच्यासमोरच जेवायचं." तेव्हा कोंबडी करपली तर बघणाऱ्या दोघीजणी असतील. कृपा करून लवकर कळव.