एका दिवसासाठी मला सधन घोषित करण्याबाबत

दि. १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. प्राचार्य,
उन्नयनदीप अध्यापक महाविद्यालय,
वाघोली, पुणे.

विषय : शुक्रवार, दि. २१ रोजी मला एका दिवसापुरते सधन घोषित करून गणिताचा पाठ घेऊ देण्याबाबत.

संदर्भ : त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मला दोन ठिकाणी हजर राहण्यास सांगणाऱ्या, आपल्याच सहीच्या दोन सूचना.

महोदय,

मी प्रियदर्शनी सुरवसे, बी.एड. द्वितीय वर्षाची छात्राध्यापिका. माझे वडील एका सोसायटीत सुरक्षारक्षक आहेत. प्रवेशाचा पसंतीक्रम भरताना माझ्यासमोर तीन महाविद्यालयांची माहितीपत्रके होती. एकात फळ्यापुढे उभ्या राहिलेल्या मुली होत्या, दुसऱ्यात ग्रंथालय होते. आपल्या माहितीपत्रकात एक मुलगी शाल-श्रीफळ घेऊन रडत होती आणि खाली छापले होते, ‘गरजू विद्यार्थ्यांना यशस्वी करणारे महाविद्यालय’. मी आपणास पहिली पसंती दिली. ती मुलगी का रडत होती, ते मला आता कळले आहे.

१. आपल्या गरजू विद्यार्थी साहाय्य कक्षाने मला मदत करण्यात कोणतीही कसर ठेवलेली नाही. दप्तर देताना माझा सत्कार झाला, पुस्तके देताना झाला, आणि तीच पुस्तके परत घेताना ‘कृतज्ञता सोहळा’ झाला. प्रत्येक सोहळा नेमका माझ्या सराव पाठाच्या वेळी असतो, कारण देणगीदारांना सकाळ सोयीची पडते. सहावीच्या मुलांना काय सोयीचे आहे, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

२. कक्षाच्या समन्वयक सुहासिनी मॅडम जातीने लक्ष घालतात. कक्षानेच दिलेली साडी नेसून मी व्यासपीठावर जाऊ लागले, तेव्हा ‘‘अगं, यात तू गरजू वाटत नाहीस,’’ असे म्हणून त्यांनी मला साडी बदलायला पाठवले. माझे मनोगतही त्याच लिहून देतात. गेल्या खेपेस त्यात माझ्या वडिलांना दुर्धर आजार झाला. वडील धडधाकट असून त्या दिवशी प्रेक्षकांत बसले होते. सगळ्यांबरोबर त्यांनीही टाळ्या वाजवल्या. परतताना बसमध्ये एवढेच म्हणाले, ‘‘पोरी, मला काय झालंय ते मला तरी आधी सांगत जा की.’’ मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. गावाकडून चौकशीचे फोन अद्याप चालू आहेत.

३. याउलट माझा वर्गमित्र आमोद. त्याच्या वडिलांचे कोथरूडला फर्निचरचे दुकान असल्याने त्यास आपली कसलीही मदत मिळाली नाही. परिणामी त्याचे सर्व पाठ वेळेत पूर्ण झाले.

४. आता आपली पहिली सूचना अशी, की माझे पाठ अपुरे असून शुक्रवारचा पाठ चुकल्यास मला वार्षिक पाठ परीक्षेस बसता येणार नाही. दुसरी अशी, की त्याच वेळी ‘यशस्वी छात्राध्यापिका’ म्हणून माझा सत्कार आहे. एवढ्या मदतीनंतर मी नापास झाले तर ते कक्षालाही शोभणार नाही.

सराव शाळेतील मुले मला महाविद्यालयाच्या फाटकावरच्या, माझ्या सत्काराच्या फ्लेक्समुळे ओळखतात. त्यांतल्या तनयाने परवा विचारले, ‘‘बाई, तुम्ही शिकवता पण का?’’ मला शिकवायचे आहे, महोदय. मी त्यासाठीच आले होते. माझी मामेबहीण मैना यंदा पसंतीक्रम भरते आहे. गरीब मुलांचे सत्कार किती झाले ते विचारू नकोस, ती मुले फळ्यापुढे किती वेळा उभी राहिली ते विचार, असे मी तिला सांगितले आहे.

सबब, शुक्रवारी मला सधन समजून मदतीतून वगळावे, ही विनंती. सोहळा रद्द करावा असे माझे म्हणणे नाही. हार आणि अल्पोपाहार सांगून झाला असेल. माझ्या जागी आमोद उभा राहण्यास तयार आहे. त्याने एकांकिकांत कामे केली असून तो माझ्यापेक्षा बरा रडतो. माझ्या वडिलांचा आजारही त्याने तोंडपाठ केला आहे.

वडील मात्र सोहळ्यास येऊ शकणार नाहीत. त्यांनी शुक्रवारची रजा काढली आहे. सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून ते माझा अपूर्णांकांचा पाठ पाहणार आहेत. या वेळी टाळ्या वाजवायच्या का, असे त्यांनी मला आधीच विचारून ठेवले आहे. मी हो म्हटले आहे.

आपली नम्र, आणि शनिवारपासून पुन्हा गरजू,

(सही)
प्रियदर्शनी उत्तरेश्वर सुरवसे

सोबत :
१. वडिलांना वर्गात बसू देण्याबाबत सराव शाळेच्या मुख्याध्यापिकांची परवानगी
२. अपूर्णांकांच्या पाठाचे टाचण
३. वडील ठणठणीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला (कक्षाच्या माहितीसाठी)