बिल्ला वाचता आला नाही तर

१२ ऑगस्ट, मंगळवार
मागच्या गुरांच्या बाजारात लस न दिलेली कालवड आत गेली. आता अंगावर गाठी. बाजार समितीने फाटकावरच्या नामदेवला धरलं: आठ दिवसांत खुलासा, नाहीतर घरी. त्याचा फोन. "पडद्यावर हिरवं आलं म्हनून सोडली, बाई. माझ्या मनानं न्हाई." फाटकावरचा लस तपासणारा प्रोग्राम माझा आणि रोहिणीचा. (माझी जुनी विद्यार्थिनी. गुण चांगले, चिकाटी कमी.)

१३ ऑगस्ट
सापडलं. कानातला बिल्ला वाचला, ऑब्जेक्टमधला, म्हणजे जनावराच्या प्रोग्राममधल्या नोंदपत्रातला, नंबर बदलला, लसीची नोंद आणताना रेंज गेली. एक्सेप्शन आलं, म्हणजे प्रोग्रामने चूक झाल्याची हाक दिली. नंबर कालवडीचा, लसीची तारीख आधीच्या बैलाची, म्हणून हिरवं. आणि ती हाक ऐकून काय करायचं ते जिथे लिहितात, तो कॅच-ब्लॉक रिकामा!
रोहिणी फोनवर: "मॅडम, ती भाषा तुम्हीच निवडली. कुठली चूक येऊ शकते ते प्रत्येक मेथडवर लिहा, नाहीतर प्रोग्राम कंपाइलच होत नाही, चालायला तयार होत नाही. कंटाळून गिळून टाकली."
रागावले. पण हजेरी सक्तीची केली की प्रॉक्सी वाढते, हे वर्गात पाहिलंय.

१५ ऑगस्ट
रोहिणी म्हणते सक्तीच नको, चूक आपोआप वर, ज्या कोडने काम सांगितलं त्याच्याकडे, जाऊ दे. मग नुसता कोड वाचून कसं कळणार, कुठून काय येईल ते? दोन तास वाद. एकमत एवढंच: आधी सगळं आणायचं, ऑब्जेक्ट शेवटी बदलायचं.

१७ ऑगस्ट
केडगावहून बसने फाटकावर. नामदेवला विचारलं, बिल्ला वाचला नाही तर काय करतोस?
"चिखल पुसतो, परत दावतो. पर तुमचं यंत्र मालकाचं नाव-गाव समदं टाकून देतंय. पुन्हा पहिल्यापासून. मागं बैलं ढकलत्यात."
म्हणजे जिथे अडलं तिथूनच पुढे. आम्ही शिकवायचो: चूक आली की तिथून बाहेर पडा, परत त्याच जागी येणं प्रोग्रामला झेपत नाही. चिखलापुरतं नामदेवचं बरोबर. रेंजचं काय?

१८ ऑगस्ट
खुलासा लिहिला. चूक प्रोग्रामची. रोहिणी म्हणाली माझंही नाव घाला. घातलं.
बदल: बिल्ला वाचला नाही तर भरलेलं तसंच ठेवून 'पुन्हा दाखवा'. नोंद आली नाही तर लाल. 'सोडा' हे बटण दिलं नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार
समितीने खुलासा घेतला. नामदेव आजच्यापुरता कामावर. पुढचं संध्याकाळी ठरवणार.
चौथ्याच गाईला रेंज गेली. लाल. मालकाच्या हातात डॉक्टरांचा लसीचा कागद. रांग रस्त्यापर्यंत.
"मला वाचता येतंय की, बाई. सोडू का? का पुन्हा माझ्याच अंगावर यायचं?"
कागद घेतला. शिक्का स्वच्छ. कागदावरच्या बिल्ल्याच्या नंबरातला शेवटचा इंग्रजी आकडा घामाने पुसट, तीन असेल किंवा आठ. गाईच्या कानात आठ.