सात नंबरचा उंदीर

प्रिय प्रणू,

मोबाईल उशाशी असताना ताईने कागद कशाला घेतला, असं तुला वाटेल. फोनवर तू दोन मिनिटं माझी विचारपूस करतेस आणि मग जी उंदरांवर घसरतेस ती घसरतेसच. कागदाला मध्येच तोडता येत नाही. आणि आधीच सांगून टाकते, मला तुझ्या त्या प्रयोगाच्या पांढऱ्या उंदरांचा हेवा वाटतो. हसू नकोस. अकोल्यात खाटेवर पडून चाळिशीतली बाई उंदरांवर जळते हे मलाही शोभत नाही, पण जळते खरी.

त्यांना तू रोज भेटतेस. दिवाळीतही तू अमरावतीला, तुझ्या फार्मसी कॉलेजातच होतीस, कारण त्यांच्या गाठींवर उपाय म्हणून ओझोन द्यायचा होता. एकेकाला तळहातावर घेतेस, वजन करतेस, शेपटीवरचा नंबर पाहतेस, ऑक्सिजनमध्ये मिसळलेला तो वायू सुईने पोटात सोडतेस. कोण जेवलं नाही हे तुला तोंडपाठ. तुलनेसाठी ज्यांना ओझोन न देता नुसता ऑक्सिजन देतेस, त्यांनाही तेवढ्याच मायेने धरतेस म्हणे. मी काल काय खाल्लं ते तुला माहीत आहे का? आणि ही तीच प्रणू, जी माहेरी तिवस्याला ज्वारीच्या कणगीमागे खुडबुड झाली की किंचाळत माझ्या पाठीवर चढायची. मी झाडू घेऊन उंदीर हाकलायचे आणि तू माझ्या मानेला असा विळखा घालायचीस की मलाच श्वास घेता येत नसे. आता वाटतं, उगाच हाकलले.

मागच्या महिन्यात तू आनंदाने सांगितलंस की ओझोन दिलेल्यांच्या गाठी बारीक होत आहेत. मी शाब्बास म्हटलं, फोन ठेवला आणि इतका राग आला की उशी भिंतीवर फेकली. हे काम तू माझ्या कॅन्सरमुळे हाती घेतलंस हे अख्ख्या माहेरला ठाऊक आहे, आणि गुण आला तो त्यांना. माझ्या काखेतली गाठ कशालाच दाद देत नाही. शेवटची आलीस तेव्हा तू मला मिठी मारली होतीस. किती बरं वाटलं होतं मला. मग तुझी दोन बोटं हळूच काखेत गेली आणि गाठीवर थांबली, मोजत. तुझ्या लक्षातही आलं नसेल, हाताला सवयच तशी. पण त्यानंतर तू फिरकली नाहीस. विचारलं की एकच उत्तर, "हे बॅच झाली का येतो, ताई."

परवा तूच सांगितलंस की प्रयोग संपला की बऱ्या झालेल्यांनाही मारावं लागतं, आत काय झालं ते तपासायला. सात नंबरची पाळी आली तेव्हा त्याला हातात घेऊन तू खूप रडलीस. उंदरासाठी रडलीस, प्रणू. माझ्यासमोर एकदाही नाही. माझ्याकडे येतेस ती रिपोर्ट वाचणारी, धीर देणारी, डोळे कोरडे ठेवणारी कुणी दुसरीच बाई. त्या सात नंबरचा मी इतका दुस्वास केला की नंतर माझी मलाच लाज वाटली.

आता खरं ते लिहिते. सोमवारी डॉक्टरांनी केमो थांबवली. यापुढे दुखणं कमी ठेवू, एवढंच म्हणाले. मोर्णा नदीचा पूल ओलांडून ऑटोने घरी आलो. आल्या आल्या तुझ्या भाऊजींनीच कागद-पेन माझ्यापुढे ठेवलं. "फोनवर तिले सहज नाही म्हणता येते. तू लिहून पाठव. ते ओझोनचं मशीन घेऊन ये म्हणा." मी त्यासाठीच लिहून राहिले असं त्यांना वाटतंय. वाटू दे. उंदराला लागू पडलं म्हणून माणसाला पडेल असं नसतं, हे तूच मला शिकवलंस, आणि मला ते पुरतं समजलं आहे. तेव्हा मशीन आणू नकोस. रविवारी ये. येताना दह्यातला गिला वडा आण. मला झेपणार नाही, तू माझ्यासमोर बसून खा. गाठीला हात लावू नकोस. आणि रडायचं असेल तर त्या सात नंबरसाठी रडलीस तसं माझ्या गळ्यात पडून रड, मी आहे तोवर.

तुझीच, उंदरांवर जळणारी,
जमुनाताई