डाव्या सोंडेचा ठसा

११ फेब्रुवारी, पेण
आजपासून रोज लिहायचं. हे गेल्यापासून दुकानात रबरी शिक्के करायला कोणी फिरकत नाही. सगळे कॉम्प्युटरवर करून घेतात. रघू रोह्याहून शिफ्ट संपवून आला होता. म्हणाला, आई, होळीपर्यंत दुकान चाललं तर ठीक. नाहीतर जागा शेजारच्या केरूला मोबाईल रिपेअरिंगला देऊ आणि तू वरसेला आमच्याकडे राहायला ये. मी हो म्हटलं. तशी वेळ येणारच नाही.

१३ फेब्रुवारी
वाचनालयातून पुस्तक आणलं, ठशांच्या नक्षीचं. चुरगाळलेला कागद शाईत टेकवून उठवला की दगडाचा पोत. स्पंजने ढग. ओल्या ठशावर सोनेरी पावडर टाकून शेगडीवर धरायचं, नक्षी फुगून चमकते. इतकं सोपं. हे जन्मभर नुसतं 'खरी नक्कल' का कोरत बसले कळत नाही.

१४ फेब्रुवारी
पहिला कागद जळला. पदर थोडाच.

१८ फेब्रुवारी
ऑर्डर! धरमतरकडच्या मिठागरवाल्या काशीबाईच्या नातीचं लग्न आहे. पत्रिकेवर दगडी पोत, त्यावर सोनेरी गणपती. सोंड डावीच हवी म्हणाली. म्हटलं, पेणच्या बाईला गणपती शिकवतेस?

२० फेब्रुवारी, दुपार
ह्यांचा कटर घेतला. त्यांच्या बोटाने झिजलेल्या खाचेत माझं बोट बसतं. थोडा वेळ तसाच धरून बसले. मग कोरायला घेतलं. अक्षरं उलटी कोरली, तेवढं लग्नापासून बघते आहे. गणपती मात्र सरळच कोरला. देवाला कोण उलटा करतं?

२७ फेब्रुवारी
सगळ्या पत्रिका झाल्या. देण्याआधी रबरी शिक्का पुन्हा तपासला. सोंड डावीकडेच. रघूला फोन केला, केरूला नाही म्हणून सांग.

२८ फेब्रुवारी
काशीबाईने पत्रिका उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "इंदू, ह्यो उजव्या सोंडेचा हाय गो. कडक देव. आमच्याकं हळदीला बोकड हाय. ही पत्रिका घरात ठेवू कुठं, मटणाच्या टोपाशेजारी?"
पाहिलं. कागदावर सोंड खरंच उजवीकडे गेली होती. रबराची चूक असणार. हल्ली चांगलं रबर मिळत नाही.

२ मार्च
मार्ग सापडला. सोंडेवर स्पंजने ढग. आता गणपती ढगाआडून बघतो आहे. मूळ नक्षीपेक्षा सरस.

४ मार्च
काशीबाई म्हणाली, "ढग झ्याक हाय. गणपती कुठं हाय?"
रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. चहा प्यायली, ह्यांच्या फोटोला हात जोडले आणि छापखान्यात गेली.

७ मार्च
दिवसभर दुकान उघडं ठेवलं. एकच माणूस आला. केरू, टेप घेऊन. काउंटर मोजत होता. तो म्हणे सहज मोजतो. मीही टेपचं एक टोक धरलं. रात्री देवाला म्हटलं, एक गिऱ्हाईक पाठव, कुठल्याही सोंडेचं.

होळी
कोणी नाही. केरूने विचारलं, काकू, पाटी काढू का? म्हटलं, काढ, उगाच धूळ बसते.

१९ मार्च, वरसे
चार दिवसांसाठी आले आहे. सुनेने कपाटाचा अख्खा खण रिकामा करून ठेवला होता. चार दिवसांना एवढा खण कशाला, म्हटलं. तिने माझी हिवाळ्याची शालही त्यात घडी घालून ठेवली.