विहिरी पुसायच्या नाहीत

१२ ऑक्टो. ७८, गुरु. सांगली
दसऱ्यानंतर आज कॉलेजातली संगणक-खोली उघडली. यंत्र सुरू केलं तर पहिल्या ड्राइव्हमधून अडकित्त्यानं सुपारी कातरल्यासारखा आवाज. बंद केलं, पण उशिरा. नुसती ऐकत उभी राहिले होते. सिस्टिमची, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, डिस्क काढून पाहिली. खाचेशी कुंकू.

खंडेनवमीला आमच्या शिपायानं, ज्ञानूनं विचारलं होतं, "मॅडम, वर्कशॉपात समदी हत्यारं पाटावर मांडल्यात. आपलंच मशीन बिनपूजेचं ऱ्हावं व्हय?" कपाटाएवढं यंत्र पाटावर कसं मावणार? म्हणून डिस्क काढून मीच दिली. परातीएवढी, प्लास्टिकच्या डब्यात बंद. बंद म्हणजे बंदच, असं समजले. कुंकू त्यानं वाहिलं, अक्षता मी. इथे तरी खरं लिहून ठेवते.

१३ शुक्र.
पुण्याला ट्रंककॉल. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, डिस्क गेली, त्या ड्राइव्हचं डिस्क वाचणारं हेडही गेलं. नवं परदेशातून येणार, महिने लागतील. "दुसऱ्या ड्राइव्हमधली डिस्क कोरी करा आणि कागदी फितींवरून सिस्टिम पुन्हा चढवा."
कोरी करा. किती सहज.

त्या डिस्कवर विहिरी आहेत. आटपाडीकडच्या एकेचाळीस, सन ७२ पासून, दर सोमवारचं पाणी. तिथले गुरुजी गाठी मारलेला दोर सोडून मोजतात, पोस्टकार्डानं कळवतात, मी कार्डांवर भोकं पाडून पंच करते. पिण्याच्या नव्या विहिरी कुठे पाडायच्या ते यावरून ठरायचं आहे. पंच केलेली कार्डं यंदा स्टोअरमध्ये भिजून त्यांची वीट झाली. पोस्टकार्डं रद्दीत गेली, मीच घातली. जादा डिस्क मागितली होती, मिळाली नाही. पण एकदाच मागितली. पुन्हा अर्ज करायला माझं काय जात होतं?

१४ शनि.
प्राचार्यांकडे. कुंकवासकट सगळं सांगितलं. २६ ला संस्थेचे अध्यक्ष पाहुणे घेऊन येणार. यंत्रावर लग्नाच्या पत्रिका जुळवून दाखवायच्या आहेत.
"बाई, पुसा ती डिस्क. सिस्टिम चढवा, पत्रिकेचा प्रोग्राम बसवा. कुंकवाचं मी कुठे बोलत नाही. नाहीतर ज्ञानूला मेमो द्यावा लागेल."
म्हटलं, मेमो माझ्या नावे काढा, डिस्क पूजेला मी दिली. आणि विहिरी मी पुसणार नाही.
"अहो, विहिरी काय पळून जातात? पुन्हा मोजा."
"बहात्तरचं पाणी आता कुठल्या दोरानं मोजू, सर?"
त्यांनी पुढची फाइल ओढली. मी बाहेर आले.

१५ रवि. सातारा
घरी. यांना सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं, चहा टाकला, मग म्हणाले, "हे विहिरींसाठी चाललंय की अक्षतांसाठी?" परतीच्या एसटीत कराडपर्यंत तेच डोक्यात. दोन्हींसाठी असेल. चूक माझी असली म्हणून विहिरी खोट्या होत नाहीत.

१७ मंगळ. सांगली
मॅन्युअल पहिल्यापासून वाचलं. सिस्टिम चढवताना यंत्र आधी विचारतं, डिस्क पुसू का? सगळे 'हो' म्हणतात. 'नाही' म्हटलं तर काय, ते एका तळटीपेत आहे. मोकळी जागा पुरली तर जुन्या फायलींच्या शेजारी सिस्टिम बसते.
पुण्याला पुन्हा फोन. "असं कुणी करत नाही, मॅडम." म्हटलं, पण होतं का? "होईल. बिघडलं तर आमच्याकडे यायचं नाही." बरं.

जागा: एकूण ४८०० ब्लॉक. विहिरी २०१०. मुलांचं टर्मवर्क १३६०. माझ्या प्रबंधाचे तक्ते ९८०. मोकळे ४५०.
पूर्ण सिस्टिमला हवेत १९००. कोबॉल (प्रोग्राम लिहायची एक भाषा) गाळलं तर १३००.
म्हणजे कोबॉल नको, आणि माझे तक्ते जाणार. ते कागदावर आहेत, पुन्हा घालता येतील. चार महिने जातील. जाऊ देत. पत्रिकेला कोबॉल लागतं, तेव्हा पत्रिका नाही. त्या प्रोग्रामची कार्डं कपाटात कोरडी आहेत, नवं हेड आलं की बसवा. जे परत आणता येतं ते आधी उतरेल. हा नियम मला पटतो, कुणाला विचारायचा नाही.

१९ गुरु.
आटपाडीहून विहिरी मोजणारे एक गुरुजी आले, कामासाठी सांगलीत होते. सगळं सांगितलं, रद्दीचंसुद्धा. रागावतील वाटलं.
"मॅडम, दोर आमी सोडत ऱ्हातू. पर बहात्तरला मोजणारी दोघं आता न्हाईत. त्यांचं तेवढं जाऊ दिऊ नका."
जाताना माझ्याकडून नवी पोस्टकार्डं घेऊन गेले.

२१ शनि.
सकाळी साडेसातला सुरुवात. ज्ञानूनं खोली दोनदा पुसली, स्वतःचा टिळाही पुसून आला. सुरुवातीचा कोड स्विचांवर हातानं घातला, मग फिती. पाचवी फीत फाटली. चिकटवली, भोकं सुईनं मोकळी केली.
टेलिप्रिंटरनं विचारलं: पुसू का?
'नाही'चं अक्षर दाबलं. बराच वेळ काही नाही.
ज्ञानू: "मॅडम, दम तरी सोडा."
मग फायलींची यादी आली. विहिरी आहेत. माझे तक्ते काढ म्हटलं, "नक्की?" विचारलं, नक्की. दुपारी तीनला सिस्टिम बसली. कागदावर एक ठिपका आला, म्हणजे यंत्र हुकमाची वाट बघतंय.
पहिली विहीर, पहिला सोमवार मागितला. आला.
शिल्लक १३० ब्लॉक. लगेच सगळं छापायला लावलं. कागदावर असावं. यंत्र हळू, दिवस लागणार.

२३ सोम.
मेमो आला. माझ्याच नावे. 'आदेश असूनही' दोनदा, कुंकू एकदा. सात दिवसांत खुलासा. ज्ञानू दारात उभा होता. "माजं नाव न्हाई त्यात?" नाही म्हटलं. "पूजा म्या केली की." म्हटलं, अक्षता माझ्या होत्या.
खुलाशात तेवढंच लिहायचं, की आणखी? लिहून खोडलं. माफी चुकीची मागेन. नकाराची नाही.

२५ बुध.
उद्या अध्यक्ष. प्राचार्यांची चिठ्ठी: पुण्याचा माणूस सकाळी येऊन डिस्क कोरी करणार, संगणक-खोलीची किल्ली ताबडतोब द्यावी.
मागच्या बाजूला लिहून ज्ञानूबरोबर पाठवलं: छपाई संपली की देते.
तेविसावी विहीर चालू आहे. एकेचाळीस आहेत.