उजव्या हाताचा साचा

४ मार्च
नवं गाव, नवी नोकरी, आणि कामाला चक्क भरपूर उजेडाची शेड! इथे बागेत ठेवायच्या सिमेंटच्या मूर्ती ओततात. पुन्हा पुन्हा वापरता येतील असे रबरी साचे करणं माझ्याकडे. धाकटी बहीण सोबत आली आहे. आल्याआल्या तिने शिलाई मशीन खिडकीशी लावलं आणि मला ऐकवलं, की ताई, तुझ्या दगडांआधी माझी गिऱ्हाइकं जमतील.

७ मार्च
पहिला नमुना म्हणजे घडा घेतलेल्या मुलीची जुनी मूर्ती. उजवा हात मनगटापासून तुटलेला. मालक म्हणाले, आहे तसाच साचा घ्या, आजवर तसाच घेतला. मला पटेना. दातांचा ठसा घेतात ती पावडर कालवून धाकटीचा हात त्यात बुडवला. गुदगुल्या होतात म्हणून हसत होती. त्या ठशात प्लास्टर ओतून झालेला हात मुलीला जोडला. मग ब्रशने रबराचे थर, वर कवच. विचारून करायला हवं होतं का? पण थोटी मुलगी कोण विकत घेईल?

१२ मार्च
वैताग. बाकी मूर्ती नीट निघते, बोटं साच्यातच मोडतात. आत तार घातली, साचा थोपटून बुडबुडे काढले, व्हॅसलीन जास्त लावलं. करंगळी पुन्हा गेली. सिमेंट ओतणारा गवंडी म्हणतो, बाई, हिला बोटं नकोच आहेत, तुम्ही कशाला मागे लागताय? चूक माझीच असणार. पण कुठे?

१५ मार्च
अखेर अख्खा हात निघाला. तर्जनीवरचे सुईचे व्रणसुद्धा उमटलेत. घरी आले तर धाकटीला सुईत दोरा ओवता येईना. बोटं बधिर झालीत म्हणाली.

२१ मार्च
मूर्ती एकाहून एक सुबक. धाकटीचा हात गार, राखाडी. डॉक्टर म्हणतात नस दबली असेल. मशीन बंद आहे. शिवणावाचून ती करणार काय?
सिमेंट घट्ट होताना गरम होतं, हे मला ठाऊक आहे. पण नंतर निवतं. अंगणातल्या मुलींना हात लावून पाहिलं. अंगं गार. उजवे हात मात्र कोमट. की वैतागून मीच काहीबाही—

२३ मार्च
मालक ओतकाम थांबवायला तयार नाहीत. मोठी ऑर्डर आहे. मग साचाच कापायला घेतला. मनगटाशी सुरी टेकवली, जेमतेम चरा. तेवढ्यात धाकटीचा हात आठवला, सुरी ठेवून दिली. घरी धाकटीच्या मनगटाला पट्टी. कशाने कापलं, तिला माहीत नाही.

२४ मार्च
डाव्या हाताने लिहिते आहे. उजवा सुटत नाही. साचा उघडला, नव्या मूर्तीची बोटं पुसायला गेले— मिटली. माझ्या हातावर.
धाकटीचा फोन आला, स्पीकरवर टाकलाय. आनंदाने रडते आहे. ताई, हाताला कळायला लागलं, म्हणते, कुणीतरी घट्ट धरल्यासारखं—
गवंडी आला. ओढून पाहिलं. आता हातोडी आणायला— नको म्हणते आहे, ऐकतच नाही. म्हणतो, बाई, सिमेंट आहे हो, त्याला काय दुखतंय—
फोन चालूच. ती विचारते आहे, ताई, तू ओरडतेस का—
त्याने हातोडी उच